मदत हवी आहे: गावात दंडार (आमच्याकडचं नाच-गाण्यांचं लोकनाट्य) पुन्हा उभी करायची आहे

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा (देसाईगंज) भागातल्या एका खेड्यातून लिहितोय. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई (जत्रा) भरते, रात्रभर झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागाची नाटकं होतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावातले म्हातारे लहान पोरांसारखे नाचले. पण गावची स्वतःची दंडार मात्र कधीच बंद पडली. पोरं आता फक्त प्रेक्षक झाली.

म्हणून आता दंडारीसाठी आठवी ते बारावीची १४ मुलं-मुली रोज संध्याकाळी समाजमंदिरात जमतात. वर्गात तोंड न उघडणारी एक पोरगी परवा धानाच्या भावावर स्वतः लिहिलेला संवाद बोलली, अख्खं समाजमंदिर चिडीचूप! तेव्हापासून हे सोडवत नाही.

अडचण अशी. पूर्वी दंडारीत बायकांची कामं पुरुषच करत, म्हणून मुलींना उभं करायला घरचे कचरतात. एका आजोबांना जुनी गाणी पाठ आहेत, पण तोंडी. ती मोबाईलवर रेकॉर्ड करतोय. ढोलकी शिकवणारं मात्र कोणी नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे कोणी मुलींना घेऊन दंडार किंवा खडी गंमत (इकडचंच दुसरं लोकनाट्य) बसवली आहे का? आयाबायांना कसं पटवलं? ढोलकीसाठी आठवड्यातून एकदा येणारं कोणी असेल तर सांगा, जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण आमच्याकडे. कापणी आटोपली की तालीम सुरू करायची आहे.