नुसत्या एच-इंडेक्सवरून काम मोजू नका

'ज्याचा एच-इंडेक्स जास्त, त्याचं एचआयव्हीतलं काम मोठं' हे मत मला पटत नाही. एच-इंडेक्स २० म्हणजे संशोधकाच्या २० पेपरांचा प्रत्येकी किमान २० वेळा इतर पेपरांनी संदर्भ घेतलेला. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एचपीटीएन ०५२ या एचआयव्ही-प्रतिबंधाच्या औषध-चाचणीचा पेपर घ्या. ९ देशांतली १,७६३ जोडपी, प्रत्येकात एकालाच एचआयव्हीची लागण. औषधं लवकर सुरू केली तर जोडीदाराकडून होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यातून दिसलं. मायरन कोहेन पहिले लेखक, पण पुण्याची 'नारी' ही एड्स संशोधन संस्था आणि चेन्नईची वायआरजी केअर ही एचआयव्ही उपचार संस्थाही त्यात होती. लेखकांची यादी लांबलचक आणि सायटेशन्स (इतर पेपरांनी घेतलेले संदर्भ) सगळ्यांच्या खात्यात सारखीच जमा. जोडप्यांना धीर देऊन चाचणीत टिकवणाऱ्या समुपदेशकांच्या वाट्याला मात्र काहीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

चेन्नईच्या डॉक्टर सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे) यांनी विद्यार्थिनी निर्मला यांच्यासह १९८६ मध्ये भारतातली एचआयव्हीची पहिली लागण शोधली. तो शोध सायटेशनच्या आकड्यात कसा मावेल?

संशोधकाचं प्रोफाइल बघताना एकूण आकडा बाजूला ठेवा. तो पहिला किंवा शेवटचा लेखक असलेले पेपर (म्हणजे ज्यांत सहसा मुख्य काम किंवा नेतृत्व त्याचं असतं) आधी वेगळे काढा, आणि त्यांतले किती उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांपर्यंत पोहोचले तेही तपासा.