'बारात'ला मराठीत काय म्हणावं? रवी, डेरा की आणखी काही?

प्रश्न: दिदरोच्या फ्रेंच विश्वकोशातल्या चित्रांवर लेख लिहिते आहे (चित्रांचे ११ खंड, १७६२ ते १७७२). दुग्धशाळेच्या चित्रात लोणी काढायचं उंच लाकडी भांडं आहे, फ्रेंचमध्ये 'बारात'. वरातीशी संबंध नाही! त्याला 'रवी' म्हटलं तर चालेल? आणि चुलाण्यावर भांडं टांगायच्या 'क्रेमाय्येर'ला 'शिंकं'?

प्रतिसाद १: रवी नको. एक तर रवी म्हणजे घुसळायचं साधन. भांडं म्हणजे डेरा. शिवाय चाल वेगळी. आपली रवी घुसळखांबाला धरून दोरीने गरगर फिरते, बारातीतला दांडा नुसता वरखाली होतो. दांड्याच्या टोकाला भोकं पाडलेली लाकडी चकती असते, साय त्या भोकांतून सुटते. भांडं फळ्या जोडून केलेलं, तळाशी रुंद, वर निमुळतं. त्या विश्वकोशात वरच्या अर्ध्या भागात काम चाललेली खोली आणि खाली तीच अवजारं सुटी काढायची पद्धत आहे, त्यामुळे एका शब्दात भागणार नाही. दांड्याला 'दट्ट्या' म्हणा, भांड्याला 'लोण्याचं पिंप'. 'पिंप' हा शब्दही मुळात परकाच, पोर्तुगीजांकडून आलेला.

प्रतिसाद २: 'लोण्याचं पिंप' म्हटलं की लोणी साठवायचं वाटतं. 'घुसळपिंप' करा. दट्ट्या मात्र फक्कड!
शिंकं अजिबात नको. शिंक्यात दूध-लोणी मांजरापासून वाचवायला टांगतात, त्याखाली जाळ नसतो. क्रेमाय्येर म्हणजे धुराड्यात लोंबणारी दातेरी लोखंडी पट्टी. भांडं एक खाच वर घेतलं की आच कमी. आपण चुलीतलं लाकूड मागे ओढतो, ते भांडंच उचलतात. 'दातेरी आकडा' म्हणा. नव्या घरी गेल्यावर पाहुण्यांना जेवायला बोलावणं याला फ्रेंच अजूनही 'क्रेमाय्येर टांगणं' म्हणतात, तेही लेखात घ्या.

प्रश्नकर्ती: दट्ट्या आणि दातेरी आकडा घेतले. 'घुसळपिंप' पहिल्यांदा फ्रेंच नावासोबत देईन, पुढे नुसतं. एक राहिलं: दांडा वरखाली करण्याला 'घुसळणं' चालेल ना?

प्रतिसाद १: चालेल की. चित्राच्या वर्णनात मात्र 'दट्ट्या हाणते आहे' लिहा, म्हणजे वाचक दोरी शोधत बसणार नाही. आणि त्या चित्रांतल्या खोल्या फारच लख्ख असतात हो. धूर, काजळी, सांडलेलं ताक, काही नाही. 'शेतकऱ्याचं स्वयंपाकघर' असं सरसकट लिहू नका.