सेम्परव्हायव्हम (गुलाबाच्या फुलासारखं दिसणारं, जाड रसाळ पानांचं रोप) पावसाळ्यात कुजतंय, काय करावं?

गच्चीबाग_राजारामपुरी: खालची पानं मऊ, पाणेरी होऊन गळताहेत. ६ इंची प्लॅस्टिकची कुंडी, निम्मी लाल माती, निम्मं शेणखत. गच्चीवर उघड्यावरच आहे. वाचेल का?

खडीमाती: खोड दाबून बघा. टणक असेल तर वाचेल. रोप उपटून मऊ पानं काढा, तपकिरी भाग संपेपर्यंत खोड स्वच्छ ब्लेडनं कापा. काप सावलीत पूर्ण वाळू द्या. या दमट हवेत आठवडा लागतो, घाई नको. मग उथळ मातीच्या कुंडीत ३ भाग ४-६ मिमी खडी, १ भाग लाल माती, १ भाग चाळलेलं गांडूळखत. खडी धुऊनच घ्या, नाहीतर भुकटी खाली बसून भोक बुजवते. पहिलं पाणी आठवड्यानं. निम्मं शेणखत फारच झालं, ते ओल धरून ठेवतं.

डोंगरी_रोपं: हे आल्प्स, कॉकेशसच्या कातळातलं झाड, बर्फाखालीही तगतं. आपल्याकडे त्याला मारतात त्या उबदार, ओल्या रात्री. जून ते सप्टेंबर पारदर्शक पत्र्याखाली ठेवा, पण बाजू उघड्या हव्यात. मार्च ते मे फक्त सकाळचं ऊन. कडक उन्हाळ्यात वाढ थांबते, तेव्हा पाणी अगदी बेतानं. उघड्या गच्चीवरच ठेवायचं असेल तर ग्रॅप्टोपेटॅलम लावा, दिसायला जवळचं आणि उष्णता सोसणारं.

गच्चीबाग_राजारामपुरी: खोड टणक आहे! शेजारची पिल्लं (बाजूला फुटलेली छोटी रोपं) आत्ताच काढू?

खडीमाती: कुजकं रोप उपटताना तीही सोडवा, नाहीतर कूज देठातून पोचेल. निरोगी रोपांची मात्र नोव्हेंबरात काढा.