कोजागिरी ग्रुप : आवडती कव्हर, आणि ती गच्चीवर कोणत्या पट्टीत

सी-६०१ ताई (सांस्कृतिक समिती): मंडळी, कोजागिरीचा विषय ठरला: कव्हर. दुसऱ्याचं गाणं, पण वेगळं करून गायलेलं. आपापलं आवडतं इथे सांगा. नुसती लिंक टाकून पळायचं नाही. मूळ कोणाचं, कव्हर करणाऱ्याने काय बदललं आणि आपल्याकडे ते कसं बसेल, एवढं लिहा.

बी-७०१ काका (हार्मोनियम): आधी कव्हर कशाला म्हणायचं ते ठरवा. रिमिक्स चालेल का?

ए-३०४ (गिटार): नाही काका. रिमिक्समध्ये जुनंच ध्वनिमुद्रण कापून वर नवा ठेका घालतात. कव्हर म्हणजे नव्याने गाऊन, वाजवून केलेलं. आणि 'कुदरत'मधलं (१९८१) 'हमें तुमसे प्यार कितना', एक किशोरकुमारचं आणि एक परवीन सुलतानांचं, ही कव्हर नाहीत. आरडींनी एकाच चित्रपटासाठी केलेली ती दोन मूळ गाणी.

बी-७०१ काका: मान्य. मग तूच सुरुवात कर.

ए-३०४ (गिटार): माझं मत 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'ला. मूळ बॉब डिलनचं, डिसेंबर १९६७. गिटार, हार्मोनिका, बास, ड्रम, बाकी काही नाही. जिमी हेन्ड्रिक्सने १९६८ मध्ये केलं. कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तीनच ठेवल्या, शब्द तेच ठेवले आणि कडव्यांच्या मधली जागा गिटारने भरून काढली. पुढे खुद्द डिलन मैफलीत हेन्ड्रिक्सच्या वळणाने वाजवायला लागला, याहून मोठी पावती नाही.
वाजवायला सोपं: ए मायनर, जी, एफ, परत जी. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) गिटारच्या चौथ्या पडद्यावर लावला की सी शार्प मायनर, म्हणजे आपली काळी एक, पेटीची पहिली काळी पट्टी.

ए-८०२ दादा (बास): घरी रेकॉर्डबरोबर वाजवून बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. हेन्ड्रिक्सची गिटार सहाही तारांनी अर्धा सूर उतरवलेली आहे. बोटं सी शार्प मायनरची, ऐकू येतं सी मायनर. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बोटांचे तेच आकार धरलेत तर सगळं अर्ध्या सुराने वर जाईल आणि रेकॉर्डशी भांडेल. मग लोक आकार चुकला असं समजून दुसरे आकार शोधत बसतात. आकार बरोबर असतो, तार वर असते.
निर्वाणा बँडने 'अनप्लग्ड'मध्ये (नोव्हेंबर १९९३) डेव्हिड बोवीचं 'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड' केलं, तिथेही अर्धा सूर खाली.

बी-७०१ काका: म्हणजे पेटी पांढरी एकला आणि गिटारवाला डोक्यात काळी एक घेऊन. बैठकीआधी बोलून घ्यायला हवं हे.

सी-२०३ काकू: मला 'हॅलेलुया' आवडतं. ते मूळ कोणाचं?

ए-३०४ (गिटार): लेनर्ड कोहेनचं, काकू, १९८४. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. १९९१ मध्ये जॉन केलने निवडक कडवी घेऊन नुसत्या पियानोवर गायलं. १९९४ मध्ये जेफ बक्लीने केलेलं आज बहुतेकांच्या कानात आहे, आणि त्याने आधार केलच्या मांडणीचा घेतला. म्हणजे ते कव्हरचं कव्हर. पुढचे बरेच गायक केल आणि बक्लीच्या वाटेनेच गेले.

सी-२०३ काकू: आणि ताल?

बी-११० (तबला): दादऱ्याच्या अंगाने मोजा काकू. सहाचा झोका आहे, पण धा धी ना ठासून वाजवलं तर गाणं मरतं. डग्ग्यावर नुसती पहिली मात्रा, बाकी बोटांच्या टोकाने.

ए-३०४ (गिटार): बक्लीसारखं हवं तर कॅपो पाचवर आणि जी चे आकार. आवाज निघतो सी चा, पांढरी एक. तारा एकदम झाडायच्या नाहीत, एकेक उचलायची.
काका, यात एक जागा पेटीसाठी धोक्याची. कडव्याच्या शेवटाला ध्रुवपद यायच्या आधी येणारी कॉर्ड बोटांच्या आकाराने बी सेव्हन्थ, कानाला ई सेव्हन्थ. तिच्यात काळी चार आहे, पांढरी पाच नाही.

बी-७०१ काका: म्हणजे कोमल धैवत. आणि तानपुरा सा-प धरून बसला असेल तर पंचम त्याला घासणार.

ए-३०४ (गिटार): तेच. या गाण्याला तानपुरा बंद. पेटीने सा-प धरूनही ठेवायचं नाही, कॉर्डमागे जायचं. अख्ख्या गाण्यात तीच एक कॉर्ड पट्टीबाहेरची, आणि कान टवकारतो तो तिथेच. तिथे पंचम वाजला की ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण बिघडलं एवढं कळतं.

डी-४०२: टँकर आला का कुणी बघितलं?

सी-६०१ ताई: दुसऱ्या ग्रुपवर विचारा प्लीज 🙏

ए-८०२ दादा (बास): माझं पहिलं मत जॉनी कॅशच्या 'हर्ट'ला, २००२. मूळ नाईन इंच नेल्स या बँडचं, १९९४. मुळात मुद्दाम खुपणारे सूर ठेवलेत, गोंगाट वाढत जातो. कॅशने खुपणारे सूर काढले, साधी गिटार ठेवली. गाणं वर चढतं तेव्हा पियानोचा घण पडत राहतो. शब्द जवळपास तेच. एका तरुण माणसाने स्वतःवरच्या रागातून लिहिलेलं गाणं सत्तरीच्या माणसाच्या तोंडी हिशेब मांडल्यासारखं लागतं. पुढच्याच वर्षी कॅश गेला.
कडव्याला ए मायनर, सी, डी. ध्रुवपदाला ए मायनर, एफ, सी, जी.

बी-७०१ काका: ए ला सा धरला तर कडव्यात शुद्ध धैवत आणि ध्रुवपदात कोमल. म्हणून ध्रुवपद आल्यावर आत काहीतरी बसल्यासारखं वाटतं. पेटीवर नुसते हे दोन सूर दाबून बघा, कळेल.

सी-२०३ काकू: बायकांना ही पट्टी फार खाली पडेल.

ए-३०४ (गिटार): हो. कॅपो पाचवर तेच आकार, म्हणजे डी मायनर. त्याहून वर हवं तर कॅपो सरकवत बसू नका, आवाज पातळ होत जातो. कॅपो काढून ई मायनर, जी, ए धरा. पाया भक्कम राहतो.

सी-५०४ वहिनी: करिओके ट्रॅकचीच पट्टी बदलली तर? ऑडॅसिटीत होतं ना?

ए-८०२ दादा (बास): होतं वहिनी, 'चेंज पिच'मध्ये. पण दोन-तीन अर्ध्या सुरांपर्यंतच ठीक. त्यापुढे ड्रम डब्यासारखे वाजतात, आणि ट्रॅकवर मागे कोरस असेल तर त्यांचे आवाज कार्टूनसारखे होतात. पुरुषाचं काळी एकचं गाणं बाईला काळी चारमध्ये हवं तर फरक सात अर्ध्या सुरांचा. ट्रॅकला ते झेपत नाही. त्यापेक्षा गिटार-पेटीवर घ्या.
आणि 'चेंज पिच' निवडा, 'चेंज स्पीड' नको. स्पीडने पट्टीबरोबर लयही बदलते.

सी-५०४ वहिनी: मग व्हिटनी ह्यूस्टनचं घेतेच मी. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. मूळ डॉली पार्टनचं, १९७४, शांत निरोपाचं. व्हिटनीचं १९९२ चं.

ए-८०२ दादा (बास): घ्या, पण दोन खड्डे आहेत. सुरुवातीला साधारण पाऊण मिनिट एकटा आवाज, साथ नाही. भले भले तेवढ्यात पाव-अर्धा सूर घसरतात, आणि साथ शिरली की सगळ्यांसमोर उघडं पडतं. कीबोर्डवाल्याने सुरुवातीला ए चा सूर द्यायचा, आणि तुम्ही एका कानात तानपुरा ॲप ठेवायचं.
दुसरा खड्डा शेवटाकडे. क्षणभर शांतता, ड्रमचा एक ठोका आणि पट्टी पूर्ण सुराने वर, ए वरून बी.

बी-११० (तबला): तिथे तबला नको. साडेपाच इंची तबला काळी एकच्या आसपास नीट बोलतो. ए साठी आधीच वेगळा लावलेला लागेल, आणि तो चालू गाण्यात बी ला चढवता येत नाही. हातोडीने गट्टे ठोकायला वेळ कुठला? जास्त ताणला तर पुडी, म्हणजे वरचं कातडं, जाते ती वेगळीच. काहोन (हाताने वाजवायचा लाकडी खोका) घ्या, त्याला सा नाही.

ए-८०२ दादा (बास): आणि कीबोर्डवर ट्रान्स्पोज (पट्टी बदलायचं) बटण ठोक्याच्या आधीच्या शांततेत दाबायचं. तेव्हा बोटं पट्ट्यांवरून उचललेली हवीत. काही कीबोर्डवर धरलेला सूर जुन्याच पट्टीत लोंबकळत राहतो.

बी-११० (तबला): आता माझं. 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'. मूळ बीटल्सचं, १९६७, रिंगोच्या आवाजात, आरामात चालणारं चारचं गाणं. जो कॉकरने १९६८ मध्ये ते संथ सहाच्या झोक्यात नेलं. आपल्या भाषेत केहरव्याचा दादरा केला. मुळातली मान हलवण्याची चाल जाते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी किंचाळायला जागा मिळते. ताल बदलला की शब्दांमधला श्वास बदलतो, हे यात स्वच्छ ऐकू येतं.
सवालजवाबाला मागे तीन आवाज लागतील. त्यांना एकच माईक. तिघांना तीन माईक दिले तर शिट्टीची भीती वाढते.

सी-२०३ काकू: सगळं इंग्रजीच चाललंय. 'घेई छंद' नाही का?

बी-७०१ काका: काकू, नाट्यसंगीतात त्याला कव्हर कुणी म्हणत नाही, पण कस तोच. 'कट्यार' १९६७ चं, अभिषेकीबुवांची चाल, गायले वसंतराव. २०१५ च्या चित्रपटात त्यांचे नातू राहुल देशपांडे आणि शंकर महादेवन. चाल बांधलेली, जागा ज्याच्या त्याच्या. आपल्याकडे फसतं ते वसंतरावांच्या ताना उचलायला गेल्यामुळे. तान लांबते, सम निसटते, तबला वाट बघत बसतो. मुखडा नेटका घ्या, एका आवर्तनात मावेल एवढीच तान घ्या. पद उभं राहतं.

ए-३०४ (गिटार): हे यादीत हवंच. माझं एक मत कमी करा.

डी-१०५ ताई (वकील): परवान्याचं कुणी विचारायच्या आधीच सांगते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळींनी तिकीट न लावता, फुकट बसलेल्या श्रोत्यांपुढे केलेल्या सादरीकरणाला सूट आहे. तेव्हा गच्चीवरचं गाणं-वाजवणं चालेल. मात्र 'सोसायटी रहिवासी सोडून इतरांना शंभर रुपये' असला प्रकार करू नका.
रेकॉर्ड लावण्याची सूट वेगळी आहे. ती रहिवाशांच्या सामाईक बंदिस्त खोली किंवा हॉलला, नाहीतर नफ्यासाठी नसलेल्या क्लबसारख्या संस्थेच्या कार्यक्रमाला. गच्ची पहिल्यात बसत नाही, आणि दुसऱ्यात आपण बसतोच असं धरू नका. म्हणून करिओके ट्रॅकपेक्षा हातानं वाजवलेलं बरं.
कव्हर मुद्रित करून विकायचं तर कलम ३१सी: मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आधी सूचना द्यायची, वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि वेष्टनावर मूळ गायकाचं नाव किंवा फोटो टाकायचा नाही.

सी-५०४ वहिनी: आणि यूट्यूबवर टाकलं तर?

डी-१०५ ताई: ती सूट सादरीकरणाची, अपलोडची नाही. चाल ओळखली गेली तर मालक दावा लावू शकतो, मग जाहिरातीचे पैसे त्याचे. करिओके ट्रॅक असेल तर ट्रॅकवाल्याचा आणखी एक दावा. ग्रुपवर क्लिप टाका, बास.
आणि दहानंतर स्पीकर बंद. मध्यरात्रीपर्यंतची सवलत सरकार जाहीर करेल त्याच दिवशी, आणि वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस. कोजागिरी त्यात आहे असं गृहीत धरू नका.

सी-६०१ ताई: मग क्रम असा. स्पीकर लागणारी आधी: कॉकर, हेन्ड्रिक्स, व्हिटनी. पावणेदहाला ॲम्प बंद. दूध आटेपर्यंत 'हर्ट', 'हॅलेलुया' आणि शेवटी 'घेई छंद', सगळं विनामाईक.

बी-११० (तबला): म्हणजे माझा काळी एकचा तबला शेवटच्यालाच. मधल्या वेळात गच्चीच्या दवाने पुडी उतरते, झाकून ठेवा आणि 'घेई छंद'च्या आधी दहा मिनिटं लावायला द्या.

बी-७०१ काका: आणि गिटारवाल्यांनी फोनमधल्या ट्यूनरवर लावून येऊ नका. माझी पेटी ट्यूनरच्या नेहमीच्या ४४० हर्ट्झच्या किंचित वर आहे, तिला तिथल्या तिथे उतरवता येत नाही. कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग आधी पेटीला जुळवा, मग त्यावरून गिटार आणि बास.

ए-८०२ दादा (बास): किती वर, काका? ४४२?

बी-७०१ काका: रविवारी सकाळी ट्यूनर घेऊन ये, बघू.