तत्त्वं सांभाळायची की प्रस्थापितांना पाडायचं? ट्रम्पला नाक मुरडणाऱ्या उजव्यांबद्दल

माहीमचा_हलवा
काल आमच्या ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट आली. सांगणं एवढंच की २०१६ ला ज्या रिपब्लिकनांनी "आम्ही कॉन्झर्वेटिव्ह, आम्हाला ट्रम्प चालणार नाही" म्हटलं ते सगळे एसीत बसून गप्पा हाणणारे, प्रस्थापितांना हाकलायचं तर सोवळं सोडावंच लागतं, उमेदवार कसा आहे ते बघत बसू नये. त्यावर आमच्या शाळेतल्या निम्म्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिथे बोललो असतो तर भांडण झालं असतं म्हणून इथे बोलतोय, म्हणजे इथेही होईलच.

मला सांगा, खर्चाला लगाम, खुला व्यापार, संस्थांचा मान, माणसाचं चारित्र्य, हे सगळं सोडल्यावर राखायला उरतं काय? १९९८ मध्ये क्लिंटनवर महाभियोग आणताना हीच मंडळी चारित्र्य चारित्र्य करून घसा कोरडा करत होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रम्पची ती बायकांबद्दल अचकट बोललेली टेप बाहेर आली तेव्हा हे चारित्र्य कुठल्या कपाटात ठेवलं होतं? उमेदवारीत ट्रम्पकडून हरलेल्या टेड क्रूझने जुलैत पक्षाच्या क्लीव्हलँडच्या अधिवेशनात पाठिंबा द्यायचं टाळलं, मनाला पटेल तसं मत द्या म्हणाला, हुर्यो खाल्ली, तेव्हा वाटलं की आहे कोणीतरी पाठीचा कणा असलेला, आणि सप्टेंबरात गडी पाठिंबा देऊन मोकळा. बरं, मिळालं काय? ट्रम्प आला तेव्हा कर्ज २० लाख कोटी डॉलरच्या आसपास, गेला तेव्हा २७ लाख कोटींच्या वर. स्टीलवर २५ टक्के टॅरिफ. हे रेगनच्या पक्षाचं काम? एडमंड बर्क, म्हणजे कॉन्झर्वेटिव्ह विचारांचा मूळपुरुष, वाचलेला माणूस असल्या मोडतोड्याच्या मागे जाऊच शकत नाही.

बंड्या_दादरकर
हलवाकाका, बर्क काढलात ते बरं केलंत. बंगालच्या गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर ब्रिटिश संसदेत महाभियोग कोणी चालवला? तुमच्याच बर्कने. १७८८ ते १७९५, सात वर्षं, अख्ख्या ईस्ट इंडिया कंपनीला अंगावर घेऊन, आणि शेवटी हेस्टिंग्ज सुटला. म्हणजे प्रस्थापितांशी पंगा घेणं बर्कला चालत होतं, तुम्हाला नाही चालत.

आणि "मिळालं काय" विचारताय? फेब्रुवारी २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाचे जस्टिस स्कॅलिया गेले, सिनेटमधल्या रिपब्लिकनांचा नेता मॅकॉनेलने ती जागा निवडणुकीपर्यंत रिकामी ठेवली, ट्रम्पने तीन जज नेमले आणि २०२२ ला रो विरुद्ध वेडचा, गर्भपाताचा हक्क देणारा निकाल उलटला. तुम्ही ज्या रेगनची आरती ओवाळताय त्यांनी नेमलेले ओकॉनर आणि केनेडी, वर थोरल्या बुशने नेमलेले सूटर, या तिघांनीच १९९२ मध्ये तो निकाल वाचवला होता. सभ्य, सुसंस्कृत, तत्त्ववाले अध्यक्ष आले नि गेले, काम केलं त्या तोंडाळ बिल्डरने. कर्जाचं म्हणाल तर शेवटचं वर्ष कोविडचं होतं हे सोयीस्कर विसरलात.

माहीमचा_हलवा
कोविड फक्त २०२० चा. तूट त्याआधी, बाजार तेजीत असतानाही वाढतच होती. आणि बर्कने खटला सभागृहात चालवला, नियमाने, पुराव्याने. हरला तेव्हा ट्रम्पसारखी संसदेच्या इमारतीवर माणसं नाही पाठवली.

मुलुंडची_आई
तुमची तत्त्वं घाला चुलीत. माझा मुलगा तिकडे एमएस करून बसलाय, सप्टेंबर २०२५ मध्ये याने नवीन एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर लावले, जी कंपनी घेणार होती ती आता म्हणते थोडं थांबा. इथे ट्रम्प निवडून आला म्हणून पेढे वाटणारे आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत, मी त्यांना हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलंय.

बंड्या_दादरकर
काकू, वाईट वाटलं, पण तो मुलुंडचा नगरसेवक नाही. त्याच्या मतदाराला जे हवं होतं तेच त्याने केलं. आपल्याकडचा कुठला पुढारी करतो?

परळकर
बंड्या, "प्रस्थापित पाडायचाय, मग कोणीही चालेल" हा प्रयोग आमच्या घरात होऊन गेलाय. १८ जानेवारी १९८२, गिरणी संप. तुझा जन्म झाला होता का?

माझे वडील गिरणीत बदली कामगार. राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, म्हणजे सरकारमान्य युनियनला, सगळे शिव्या घालायचे आणि बरोबरच घालायचे, १९४६ च्या कायद्याने मान्यता त्यांनाच, मालकाशी बोलणार तेच, कामगाराला विचारतो कोण. बोनसवरून टाळकी फिरली आणि लोक स्वतःहून घाटकोपरला कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या दारात गेले. का? तर हा माणूस कोणाला घाबरत नाही. कापड धंद्याचं त्यांना काय कळतं, गिरण्या किती दिवस बंद राहू शकतात, कोणी विचारलंच नाही. अडीच लाख माणूस बाहेर. वडील पाळीच्या वेळेला गेटसमोर जाऊन उभे राहायचे, आत जायचे नाहीत. आत गेलं तर चाळीत कोणी बोलणार नाही, नाही गेलं तर घरात काही नाही. वाण्याची उधारीची वही भरली तेव्हा त्याने नवीन घातली नाही, आईला एवढंच म्हणाला की वहिनी, वही संपली. त्या महिन्यात आम्हा दोघा भावांना आजीकडे संगमेश्वरला पाठवलं, ते मी दहावीलाच परत आलो. तो संप अजूनही अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, माहितीये? असा असतो तुझा प्रस्थापितविरोधी उमेदवार.

नलू_लालबाग
परळकर, तोंड सांभाळून. माझेही वडील त्याच संपात होते, आम्हीही पेजेवर दिवस काढलेत, पण डॉक्टरांना दोष दिलेला मी ऐकून घेणार नाही. गिरण्या काय डॉक्टरांनी बुडवल्या? मालकांनी यंत्रांत पैसा घालणं कधीच सोडलं होतं, भिवंडीच्या पॉवरलूमवर तेच कापड स्वस्तात विणून मिळत होतं, संप त्यांना आयता मिळाला. सरकारने मनात आणलं असतं तर तो कायदा बदलून संघाची मक्तेदारी काढली असती. नाही काढली. मग कामगाराने जायचं कुठे? तुमच्याकडे दुसरं नाव होतं का तेव्हा? १९८४ ला इंदिराबाईंच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट आणि दक्षिण मध्य मुंबईतून निवडून कोण आलं? डॉक्टर. ज्यांचं सगळं गेलं होतं त्यांनीच मतं दिली. ती माणसं मूर्ख होती का?

परळकर
मूर्ख नव्हती, त्यात माझे वडीलही होते. १९९७ ला पवईत डॉक्टरांना गोळ्या घातल्या त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी म्हणतो एवढंच, की धाडस आणि अक्कल या दोन गोष्टी आहेत आणि आपण पहिली बघून दुसरी गृहीत धरतो.

नलू_लालबाग
आणि संघाकडे अक्कल होती, तिचं काय झालं? १९९१ ला मुंबईच्या बांधकाम नियमावलीत नियम ५८ आला, गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेला मालकाला. २००१ ला हळूच बदल केला की वाटणी फक्त मोकळ्या जागेची. गिरणीत मोकळी जागा असते किती हो? सुप्रीम कोर्टानेही २००६ ला त्यावर शिक्का मारला. सगळं नियमाने, सभ्य भाषेत. हलवाकाकांच्या आवडीचं.

माहीमचा_हलवा
अहो मला कशाला ओढताय, मी नियम केलाय का तो? धागा ट्रम्पचा आहे.

परळकर
नलूताई, २००१ च्या बदलाबद्दल मी एक शब्द तुमच्याविरुद्ध बोलणार नाही. पण म्हाडाच्या लॉटरीचा फॉर्म भरून वडील गेले, घर लागलं नाही, हेही तुमच्या डॉक्टरांच्या हिशेबात धरा.

नलू_लालबाग
का धरू? संघाच्या धरा. सरकारच्या धरा. ज्याने लढा दिला त्याच्याच नावावर सगळं बिल, वा रे न्याय.

बंड्या_दादरकर
ताई जिंदाबाद. १९६७ ला दक्षिण मुंबईत काँग्रेसचे बडे पुढारी स. का. पाटील पडतील असं कोणी म्हणालं असतं तर वेड्यात काढलं असतं. कामगार पुढारी जॉर्ज फर्नांडिसने पाडलं. तेव्हाही सभ्य लोक म्हणत होतेच, हा बंद पुकारणारा माणूस संसदेत जाऊन काय दिवे लावणार.

माहीमचा_हलवा
आणि १९७९ ला त्याच जॉर्जने लोकसभेत मोरारजींच्या सरकारची जोरदार बाजू मांडली आणि लगेचच सरकारबाहेर. दिवे लावले ते हे. असो. अमेरिकेत या. ६ जानेवारी २०२१ ला मतमोजणी कोणी पार पाडली? ट्रम्पच्याच उपाध्यक्षाने, माइक पेन्सने. पक्का कॉन्झर्वेटिव्ह, देवधर्मवाला, कंटाळवाणा माणूस. बाहेर त्याला फाशी द्या म्हणून ओरडत होते. तत्त्वाचा उपयोग काय विचारता ना, हा उपयोग.

बंड्या_दादरकर
काका, थँक्यू. आता मला सांगा, पेन्स त्या खुर्चीत बसला कसा? २०१६ ला त्याने तुमच्यासारखं नाक मुरडलं असतं तर त्या दिवशी तिथे दुसराच कोणी असता. चार वर्षं आत राहिला, गप्प बसला, गिळलं, म्हणून शेवटी नाही म्हणता आलं. घरी बसून तत्त्वं पाळणाऱ्याला नाही म्हणायची वेळच येत नाही.

नलू_लालबाग
हे मात्र बोलला.

माहीमचा_हलवा
ठीक आहे, हा मुद्दा बरा आहे, या धाग्यात तुझा पहिलाच. पण पुढचं वाच. २०२४ ला उपाध्यक्षपदासाठी पेन्सला घेतलं का? व्हान्सला घेतलं. जो २०१६ ला स्वतः "नेव्हर ट्रम्प" म्हणवून घ्यायचा आणि नंतर म्हणाला की मी पेन्ससारखं केलं नसतं. रिपब्लिकन खासदार लिझ चेनीने ट्रम्पविरुद्ध तोंड उघडलं तर २०२२ ला वायोमिंगच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षातल्या उमेदवारीच्या निवडणुकीत, स्वतःच्याच पक्षाने आपटली. म्हणजे आत राहून नाही म्हणायची सोय एकदाच. दुसऱ्यांदा तसला माणूस आत घेतच नाहीत.

बंड्या_दादरकर
लोकांनी निवडलाय ना? मग लोकशाहीवर राग आहे असं स्पष्ट म्हणा.

माहीमचा_हलवा
राग तुझ्यावर आहे. लोकांवर नाही.

परळकर
नलूताई, तुमचे वडील कुठल्या खात्यात होते?

नलू_लालबाग
स्पिनिंग. का?

परळकर
काही नाही. माझे वीव्हिंगला. संपाच्या आधीही या दोन खात्यांचं जमत नव्हतंच.

मुलुंडची_आई
ते एक लाख डॉलर कंपनीने भरायचे की मुलाने, एवढं कोणी सांगेल का? बाकी चालू द्या.

बंड्या_दादरकर
कंपनीने, काकू. म्हणूनच थांबा म्हणाले.