एकट्याने खणलेली बातमी कितपत धरायची?

कातळकर
६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. बारसू रिफायनरीच्या विरोधकांना धमकावल्याचा आरोप असलेल्या एका जमीन दलालाबद्दल त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती. अटक झाली ती त्याच दलालाला.

माझं म्हणणं, खाणी, रिफायनरी, विस्थापन यांच्या मुळाशी जाणारं काम आता तालुक्याचे वार्ताहर आणि मुक्त पत्रकारच करतात. मोठ्या दैनिकांना तिथून जाहिरात हवी असते. तेव्हा वाचकाने या एकट्या लोकांवर विश्वास टाकावा आणि खिशातही हात घालावा.

शाईपुसणी
वारिसे मुक्त पत्रकार नव्हते, दैनिकात होते. असो.

मी डेस्कवर आयुष्य काढलंय. बातमीदाराला "हे कुठून आणलंस?" विचारणारा कुणीतरी लागतोच. गावकरी म्हणतात विहिरीचं पाणी लाल झालं, हा फोटो काढतो, झाली शोधबातमी! नमुना कुणी घेतला, कुठल्या प्रयोगशाळेत तपासला, कंपनीचं म्हणणं काय, यातलं काहीच नाही. मग अब्रुनुकसानीची नोटीस आली की व्हिडिओ गायब, आणि खरी तक्रारही खोटी ठरते.

कातळकर
राजकुमार केसवानींना कुठला डेस्क होता? १९८२ मध्ये स्वतःच्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात त्यांनी युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या धोक्याबद्दल भोपाळला सावध केलं. गाव हसलं.

शाईपुसणी
त्यांच्या हातात कारखान्यातून बाहेर आलेले कागद होते, हे विसरू नका. आणि जून १९८४ मध्ये तेच 'जनसत्ता'तही छापून आलं, म्हणजे मोठ्या दैनिकात. डिसेंबरमध्ये वायू सुटायचा तो सुटलाच. तेव्हा छोटं-मोठं हा वाद तिथे लागू होत नाही. माझा मुद्दा कागदाचा आहे.

तारीख_पे_तारीख
कागदाचं बोलताय तर कायद्याचा कागदही बघा. पत्रकारांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने २०१७ चा कायदा केला. त्यात पत्रकार कोण? माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीत असलेला. स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवणारा ठाण्यात गेला तर आधी "तुम्ही कुठल्या पेपरचे?" याचंच उत्तर देत बसणार. बस्तरच्या मुकेश चंद्राकर यांचं असंच स्वतःचं चॅनल होतं, शिवाय ते वाहिनीलाही बातम्या द्यायचे. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी आली आणि ३ जानेवारी २०२५ ला बिजापुरात एका कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये मृतदेह सापडला.

त्यात २०२३ चा डेटा संरक्षण कायदा. पत्रकारितेला वेगळी सूट नाही, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(जे) मधला व्यक्तिगत माहितीबाबतचा जनहिताचा अपवाद काढला. (जनहितासाठी माहिती देता येईल असं सांगणारं कलम ८(२) आहे, पण ते अपिलात भांडून मिळवायचं.) शाईपुसणी, तुम्ही म्हणता तो कागद आणायचा कुठून?

घाटावरचा
सगळे एकाच सुरात! रस्त्याला विरोध, धरणाला विरोध, रिफायनरीला विरोध. कोकणातली पोरं मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, त्यावर शोधबातमी का नाही? आणि संस्थेच्या फेलोशिपवर फिरणारा माणूस त्या संस्थेच्या विरोधात लिहील?

कातळकर
पहिला प्रश्न रास्त आहे, त्यावर कमीच लिहिलं जातं. फेलोशिपचं म्हणाल तर बातमीच्या खाली छापावी कुणाच्या पैशाने केली ते. जाहिरातदाराचं नाव मात्र दैनिक बातमीखाली कधी छापत नाही, तेवढं घाटावरूनही दिसत असेल.

शाईपुसणी
हे पटलं. पुढे जाऊन मी म्हणेन, पैसे कुणाचे तेही छापा, कंपनीला पाठवलेली प्रश्नावली छापा आणि मूळ कागदही जोडा. मग मी वर्गणी भरतो.

कातळकर
प्रश्नावली ठीक. मूळ कागद नाही. तहसील कचेरीतला कागद जसाच्या तसा टाकला तर आवक क्रमांक आणि कोपऱ्यातल्या सहीवरून देणारा कारकून संध्याकाळपर्यंत सापडतो.

शाईपुसणी
क्रमांक आणि सही झाका. मजकूर दाखवा.

तारीख_पे_तारीख
आणि मूळ प्रत घरात ठेवू नका.