ट्रिंकोमाली: मुंबईत बांधलेली फ्रिगेट

ट्रिंकोमाली ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका. ती नेपोलियनच्या आरमाराशी लढली, असं कुणी कुणी म्हणतं. ते काही जुळत नाही. ती मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ला, म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव होऊन दोन वर्षं उलटल्यावर. उशिराचं कारणही मजेशीर आहे. तिच्या बांधणीचे नकाशे 'जावा' या ब्रिटिश फ्रिगेटवरून मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या युद्धनौकेने जावाचा फडशा पाडला आणि नकाशेही गेले. ते पुन्हा मागवावे लागले.

बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया. लाकूड मलबारचं सागवान. ब्रिटनमधल्या जहाजांना वापरायचे त्या ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात, सागातल्या तेलाने उलट ते टिकतात. जहाज आजवर उभं आहे त्याचं अर्धं श्रेय मी या लाकडालाच देईन.

बाकी कारकीर्द तशी बेताचीच. १८१९ला इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला पोचली ती थेट १८४५पर्यंत राखीव म्हणून पडून! मग तोफा कमी करून उत्तर अमेरिका-वेस्ट इंडीजकडे तैनात, आणि १८५२ ते १८५७ पॅसिफिकमध्ये. पुढे प्रशिक्षण नौका. १८९७ला भंगारात निघाली होती, पण व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने विकत घेऊन 'फूद्रोयां' असं नाव दिलं (त्याचं त्या नावाचं आधीचं जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलला फुटलं होतं). मूळ नाव परत मिळालं १९९२ला. सध्या मुक्काम इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या गोदीत, अजून पाण्यावर तरंगतेय.